मास्क वाटून झाले, आता ते चेहऱ्यावर बसतात का तेही बघा: कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींतील फौंड्रीचालक, खरेदी अधिकारी, सेफ्टी ऑफिसर आणि लेबर कॉन्ट्रॅक्टर यांस,

सप्रेम नमस्कार.

ऑडिट जवळ आलं की स्टोअरमध्ये मास्कची खोकी येतात. वाटप रजिस्टरवर सह्या-अंगठे होतात, कामगारांना रांगेत उभं करून फोटो काढला जातो आणि फाइल पूर्ण होते. त्या रजिस्टरवरून एवढंच कळतं की मास्क स्टोअरमधून बाहेर गेला. घालणाऱ्याच्या छातीत गेलेली हवा स्वच्छ होती का, हे त्यात कुठेच नसतं. आम्ही औद्योगिक आरोग्य आणि श्वसनसुरक्षेच्या कामातली मंडळी. हा दुसरा प्रश्न कसा सोडवायचा, तेवढ्यासाठीच हे पत्र आहे.

धूळ नेमकी कुठे जास्त, हे आपल्याला सांगायला नको. तरी एक जागा हमखास विसरली जाते, ती म्हणजे इंडक्शन फर्नेसचं लायनिंग, म्हणजे विजेच्या भट्टीचं आतलं अस्तर, तोडणं. शेकआउट (साचा फोडून कास्टिंग काढणं), फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करणं), सँड प्लांटचा बेल्ट यांच्याकडे थोडंफार लक्ष जातं. पण ब्रेकर लावून जुनं लायनिंग फोडायचं काम बहुधा सुट्टीच्या दिवशी, बाहेरच्या टोळीकडून उरकलं जातं. हे लायनिंग ज्याचं ठोकून करतात ती सिलिका रॅमिंग मास म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. शिवाय वितळलेल्या धातूच्या उष्णतेनं तिचा काही भाग क्रिस्टोबलाइट या सिलिकेच्याच दुसऱ्या रूपात बदललेला असतो, आणि तो साध्या क्वार्ट्झपेक्षा, म्हणजे वाळूतल्या नेहमीच्या सिलिकेपेक्षा, जास्त घातक. आत उतरून, वाकून, बंदिस्त जागेत हे काम करणाऱ्याच्या तोंडाला बऱ्याचदा नुसता टॉवेल असतो. फुप्फुसात खोलवर जाणारे कण इतके बारीक असतात की ते कापडातून आरपार जातात. टॉवेलवर जी धूळ दिसते ती जाडी असते, ती तशीही नाका-घशात अडकली असती.

1948 च्या कारखाना अधिनियमाच्या दुसऱ्या परिशिष्टात क्वार्ट्झयुक्त बारीक धुळीसाठी एक सूत्र दिलं होतं: 10 भागिले (क्वार्ट्झची टक्केवारी अधिक 2), उत्तर मिलिग्रॅम प्रति घनमीटरमध्ये. धुळीत 30 टक्के क्वार्ट्झ असेल तर मर्यादा येते सुमारे 0.31. धूळ शुद्ध क्वार्ट्झची असेल तर जेमतेम 0.1, आणि क्रिस्टोबलाइटला त्याच्याही निम्मी. अमेरिकेच्या ओशा या सरकारी यंत्रणेनं 2016 साली सिलिकाची मर्यादा 0.05 वर आणली. हे आकडे डोळ्यांना दिसत नाहीत. उन्हाच्या तिरिपेत धूळ दिसत नाही म्हणजे हवा चांगली, असा निष्कर्ष काढू नका. कामगाराच्या कॉलरला सायक्लोन (जाडी धूळ वेगळी काढणारी डबी) लावलेला पंप अडकवून पाळीभराचा नमुना घ्या. तो आकडा हातात आल्याशिवाय कुठला मास्क पुरेल हे ठरवताच येत नाही.

आणि आधी धूळ कमी करा. शेकआउटला हूड, ग्राइंडरला सक्शन, लायनिंग तोडण्याआधी जमेल तिथे पाण्याचा फवारा, झाडूऐवजी व्हॅक्यूम. हे सगळं करूनही जी उरेल तिच्यासाठी रेस्पिरेटर, म्हणजे हवा गाळून देणारा मास्क. सक्शनचा पंखा बिघडला म्हणून ‘तोवर मास्क घाला’ असं सांगून सहा महिने काढणारे कारखाने आहेत. तिथे मास्कवर त्याच्या कुवतीबाहेरचा भार पडतो.

कुवत म्हणजे किती? नाक-तोंड झाकणारा अर्धा मास्क, मग तो एकदाच वापरायचा एन-95 असो की रबराचा, फिल्टर बदलायचा, नीट बसला तर आतली धूळ बाहेरच्या एक दशांशावर आणतो असं ओशा धरते. पूर्ण चेहरा झाकणारा, फिट टेस्ट (मास्क चेहऱ्यावर नीट बसतो का याची चाचणी) उपकरणानं मोजून केलेला मास्क पन्नासाव्या हिश्शावर. म्हणजे लायनिंग तोडताना हवेत मर्यादेच्या 30 पट धूळ असेल, तर कितीही महागडा अर्धा मास्क दिला तरी आत मर्यादेच्या तिप्पट धूळ उरेल. तिथे पी-100 किंवा पी-3 या सगळ्यांत बारीक गाळणाऱ्या फिल्टरचा पूर्ण चेहऱ्याचा मास्क किंवा बॅटरीवर चालणारा पंख्याचा रेस्पिरेटर लागतो.

आता एक हिशोब प्रत्येक सुपरवायझरनं स्वतः करून बघावा. दहापट संरक्षण देणारा मास्क 8 तासांच्या पाळीत सतत घातला तर आत एक दशांश धूळ. पण चहा, तंबाखू, फोन आणि शेजाऱ्याला ओरडून काही सांगणं यांत मिळून 48 मिनिटं, म्हणजे पाळीचा दहावा हिस्सा, मास्क त्याच धुळीत खाली ओढलेला राहिला, तर? पाळीभराची सरासरी 0.1 वरून 0.19 वर जाते. संरक्षण दहापटीवरून पाचपटीच्या जरा वर, म्हणजे जवळजवळ निम्मं. याच 48 मिनिटांनी पन्नासपट मास्कचं संरक्षण तर साडेआठपटीवर येतं. महागडा मास्क घेऊन हनुवटीवर घालण्यापेक्षा साधा मास्क सतत घातलेला परवडतो. म्हणून फेटलिंग शॉपच्या बाहेर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, पाणी आणि चहाची जागा करून द्या. मास्क काढायला सुरक्षित ठिकाण नसेल तर तो ग्राइंडरशेजारीच निघणार. तंबाखूचा बार भरलेला माणूस थुंकायला दर दहा मिनिटांनी मास्क खाली ओढतो, हेही लक्षात घ्या; यावर मास्कचा ब्रँड बदलून उपाय होत नाही.

मास्क बसण्याविषयी थोडं सविस्तर, कारण बहुतेक कारखान्यांत सगळी गळती इथेच आहे. सेफ्टी बूट मागवताना आपण 6, 7, 8, 9 असे नंबर विचारतो. मास्क मात्र सगळ्यांना एकच. रबरी अर्धे मास्क लहान, मध्यम आणि मोठ्या मापात मिळतात, आणि एकाच मापाचे दोन कंपन्यांचे मास्क एकाच चेहऱ्यावर वेगवेगळे बसतात. अरुंद चेहरा, बसकं नाक, गालफडं बसलेली किंवा दात काढलेले, या सगळ्यांनी फरक पडतो. हे अंदाजानं ठरत नाही, फिट टेस्ट करावी लागते.

साधी फिट टेस्ट अवघड नाही. किटमध्ये डोक्यावर घालायचा पारदर्शक हूड, फवारा मारायची दोन उपकरणं आणि दोन द्रावणं असतात: एक सौम्य, एक तीव्र. चव सॅकरिनची गोड किंवा बिट्रेक्सची कडू. आधी मास्क न घालता हूडमध्ये सौम्य द्रावणाचे 10 फवारे मारायचे, चव लागली का विचारायचं. नाही लागली तर आणखी 10, मग आणखी 10. तिसांतही चव न लागणाऱ्याची टेस्ट त्या द्रावणानं करता येत नाही. तंबाखू-मावा खाणाऱ्यांना चव कमी लागण्याची शक्यता असते, म्हणून टेस्टच्या आधी किमान 15 मिनिटं साध्या पाण्याशिवाय तोंडात काही नको. मग मास्क घालून, हूड चढवून, तीव्र द्रावणाचे पहिल्याइतकेच फवारे, आणि दर 30 सेकंदांनी त्याच्या निम्मे. या वेळात माणसानं एकेक मिनिट हे करायचं: साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवी, मान वर-खाली, मोठ्यानं बोलणं, कमरेत वाकणं, पुन्हा साधा श्वास. मध्ये चव लागली की तो मास्क त्या माणसासाठी नापास. दुसरं माप किंवा दुसरं मॉडेल घ्यायचं. टेस्ट वर्षातून एकदा करायची; वजन बरंच कमी-जास्त झालं, दात काढले किंवा चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झाली तर मध्येही. रबरी मास्कवर वायूचं कार्ट्रिज (वायू शोषून घेणारी डबी) असेल तर या टेस्टपुरता त्यावर धुळीचा फिल्टर लावायचा.

दाढीचा विषय नाजूक आहे, पण टाळून चालणार नाही. मास्कची कड जिथे टेकते तिथे एका दिवसाचे खुंटही गळती करतात. मिशी चालते, ती कडेखाली येत नसेल तर. श्रद्धेनं दाढी ठेवणाऱ्यावर जबरदस्ती करू नका. त्याला सैल हूडचा, पंख्यानं हवा देणारा रेस्पिरेटर द्या. तो दाढीवरही चालतो. मात्र हवेचा प्रवाह मिनिटाला किमान 170 लिटर आहे का, हे त्याच्यासोबत मिळणाऱ्या प्रवाहदर्शकानं प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला बघायचं. बॅटरी उतरली की हूडमध्ये बाहेरचीच धूळ येते.

घालायची पद्धत. एन-95 तळहातात धरून हनुवटीखालून वर घ्या. वरचा पट्टा डोक्याच्या वरच्या मागच्या भागावर, खालचा कानांच्या खालून मानेवर. दोन्ही पट्टे मानेवर घेतले किंवा फुली केली की मास्क निसटतो. पट्टे हेल्मेटवर किंवा टोपीवर घ्यायचे नाहीत, डोक्यालाच लागले पाहिजेत. नाकाची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबत खाली आणा. एका हाताच्या चिमटीनं दाबली की मध्ये टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फट राहते. मग दोन्ही हात मास्कवर ठेवून जोरानं श्वास सोडा. डोळ्यांजवळ किंवा गालाशी हवा लागली तर पुन्हा बसवा. रबरी मास्कमध्ये फिल्टरची तोंडं तळहातांनी बंद करून हलका श्वास आत घ्या; मास्क जरासा चेहऱ्याकडे ओढला गेला आणि 10 सेकंद तसाच राहिला तर ठीक. नंतर उच्छ्वासाची झडप झाकून हळू फुंका. ही तपासणी दरवेळी मास्क घालताना करायची. फिट टेस्ट झाली म्हणून ती टळत नाही.

कानाला अडकवायचे मास्क औद्योगिक धुळीसाठी घेऊच नका. अमेरिकेच्या नायॉश संस्थेची मान्यता असल्याचा दावा आणि कानाच्या दोऱ्या एकत्र दिसल्या तर माल नकली समजा. मान्यतेचा क्रमांक ‘टीसी-84ए’नं सुरू होतो, आणि संस्थेच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधली अक्षरं मागे-पुढे झालेले मास्क बाजारात फिरतात. भारतीय मानक आयएस 9473 आहे. त्यात एफएफपी-1, 2, 3 असे वर्ग आहेत; 1 चा फिल्टर किमान 80 टक्के, 2 चा 94 टक्के आणि 3 चा त्याहूनही जास्त कण अडवतो. एन या अक्षराचा फिल्टर तेलकट धुरासाठी नाही. मशीन शॉपमध्ये कटिंग ऑइलचं धुकं असेल तर आर किंवा पी अक्षराचा घ्या.

वायूंची गोष्ट निराळी, आणि इथली चूक जिवावर बेतू शकते. धुळीचा फिल्टर वायू अडवत नाही. कोल्ड बॉक्स कोअर शॉपमध्ये, म्हणजे साच्यातले वाळूचे गाभे वायूनं घट्ट करतात तिथे, अमाइन हा वायू असतो. तिथे संध्याकाळी डोळ्यांपुढे निळसर धुकं आणि दिव्याभोवती वलयं दिसायला लागली तर ते ट्रायइथाइल अमाइनचं लक्षण असू शकतं. तिथे अमोनिया आणि त्याच्या सेंद्रिय संयुगांसाठीचं के वर्गाचं कार्ट्रिज लागतं, युरोपीय पद्धतीत रंग हिरवा. फ्युरान रेझिननं बांधलेल्या वाळूच्या साच्यांत ओतताना सल्फर डायऑक्साइड येतो. शेल कोअरमध्ये (रेझिन लावलेली वाळू तापवून केलेल्या गाभ्यांत) अमोनिया आणि फॉर्माल्डिहाइड. ग्रीन सँडमध्ये (साच्याच्या ओल्या वाळूत) कोळशाची भुकटी असते, म्हणून ओतल्यानंतर कार्बन मोनॉक्साइड; कपोला, म्हणजे कोकवर चालणाऱ्या भट्टीच्या, चार्जिंग प्लॅटफॉर्मवरही तोच. कार्बन मोनॉक्साइडला आपल्या दुकानांत मिळणारं कुठलंही नेहमीचं कार्ट्रिज चालत नाही. त्याला रंग नाही, वास नाही. तिथे मास्क देऊन माणूस उभा करू नका. हवा खेळती करा, गळ्यात वाजणारा मीटर द्या. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली गेलेल्या खड्ड्यात किंवा टाकीतही हेच. फिल्टर हवा गाळतो, ऑक्सिजन तयार करत नाही.

खरेदी विभागानं रंगांची खास काळजी घ्यावी. आपल्याकडे युरोपीय आणि अमेरिकी, दोन्ही पद्धतींचा माल शेजारी-शेजारी विकला जातो. युरोपीय पद्धतीत पांढरा पट्टा म्हणजे धुळीचा फिल्टर, अमेरिकीत आम्लवायू. युरोपीय पिवळा म्हणजे सल्फर डायऑक्साइडसारखे वायू. अमेरिकी पिवळा म्हणजे सेंद्रिय बाष्प आणि आम्लवायू दोन्ही. सेंद्रिय बाष्पाला एकीकडे तपकिरी, दुसरीकडे काळा. ‘पिवळावाला पाठवा’ अशी ऑर्डर फोनवर देऊ नका. वायूचं नाव आणि मानक लिहून द्या.

कार्ट्रिज कधी बदलायचं? ‘वास यायला लागला की’ हे उत्तर बंद करा. वास येतो तेव्हा ते भरून वायू आरपार यायला लागलेला असतो, आणि दोन-घटकी पॉलियुरेथेन रंगातल्या आयसोसायनेटसारख्या पदार्थांचा वास धोका झाल्यानंतरच कळतो. उत्पादकाकडून आपल्या वायूचं नाव, प्रमाण आणि आर्द्रता सांगून तासांचं वेळापत्रक घ्या. साधा अडाखा असा: उत्कलनबिंदू 70 अंशांच्या वर आणि प्रमाण 200 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 200 भाग) खाली असेल तर सेंद्रिय बाष्पाचं कार्ट्रिज साधारण 8 तास चालतं. आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर गेली की आयुष्य निम्मं धरा. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टसाठी वेगळं वेळापत्रक लागतं ते यासाठी. पाकीट फोडलं की मार्करनं कार्ट्रिजवर तारीख लिहा. पाळी संपल्यावर ते उघडं टांगून ठेवलं तर रात्रभर शॉपमधली बाष्पं शोषत राहतं.

आता देखभाल. एन-95 धुवायचा नाही आणि त्याच्यावर सॅनिटायझर मारायचा नाही. त्याच्या धाग्यांवर विद्युतभार असतो, बारीक कण मुख्यतः त्यामुळेच पकडले जातात. अल्कोहोलनं तो भार जातो. मास्क दिसायला तसाच राहतो, काम करत नाही. श्वास जड झाला, पट्टा सैल पडला, कड मळली की टाकून द्या.

रबरी मास्क मात्र नीट ठेवला तर टिकतो. फिल्टर, झडपा, पट्टे सुटे करा. पाणी 43 अंशांपेक्षा गरम नको. सौम्य साबण आणि मऊ ब्रश, तारेचा नव्हे. निर्जंतुक करायला साधारण 5 टक्क्यांचं ब्लीच लिटरला 1 मिली, म्हणजे 10 लिटरच्या बादलीला 10 मिली. दोन मिनिटं बुडवा. नंतर भरपूर पाण्यात खळबळून घ्या, नाहीतर राहिलेल्या ब्लीचनं चेहऱ्यावर पुरळ येतं. सावलीत वाळवा. थिनर, डिझेल, रॉकेल यांनी रबर फुगतं आणि तडकतं. भट्टीच्या कडेला किंवा उन्हात वाळत घातलेला मास्क वाकडा होतो. वाकडा झालेला सरळ होत नाही.

जोडताना उच्छ्वासाच्या झडपेचं झाकण काढून आत बघा. वाळूचा एक कण बैठकीवर अडकला की पातळ पडदा पूर्ण टेकत नाही, आणि प्रत्येक श्वासाबरोबर बाहेरची धूळ फिल्टरला बगल देऊन त्या फटीतून थेट आत येते. फिल्टर नवा, मास्क नवा आणि संरक्षण जवळजवळ नाही, अशी अवस्था आमच्या बघण्यात सगळ्यांत जास्त इथेच येते. पडदा कडेनं वळला असेल, चिकट झाला असेल तर बदला. सुटे पडदे स्टोअरमध्ये ठेवा. मास्क महाग, पडदा स्वस्त, आणि तरी बहुतेक ठिकाणी पडद्याचा साठा शून्य असतो.

एक सवय आजच बंद करायला लावा: एअर गननं फिल्टर साफ करणं. त्या दाबानं फिल्टरचे धागे फाटतात आणि अडकलेली सिलिका पुन्हा तोंडासमोर उडते. एअर गननं कपडे झटकण्याचंही तेच. भरलेला फिल्टर टाकायचाच असतो.

शॉट ब्लास्टिंगच्या (छऱ्यांच्या माऱ्यानं कास्टिंग साफ करण्याच्या) हेल्मेटला हवा प्लांटच्या कॉम्प्रेसरवरून जात असेल तर ती श्वासाच्या दर्जाची आहे का, तपासून घ्या: ऑक्सिजन 19.5 ते 23.5 टक्के, कार्बन मोनॉक्साइड 10 पीपीएमच्या आत, तेलाचं धुकं घनमीटरला 5 मिलिग्रॅमच्या आत. कॉम्प्रेसरचं हवा ओढणारं तोंड जनरेटरच्या धुराड्याजवळ असेल, तर वीज गेलेल्या दिवशी हेल्मेटमधल्या माणसाला जनरेटरचा धूर पाजला जातो.

कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांना मास्क कुणी द्यायचा, हा वाद आम्ही नेहमी ऐकतो. धुळीला मस्टर कळत नाही. फिट टेस्ट, मास्क आणि छातीची तपासणी कारखान्यानंच करावी, खर्च नंतर आपसांत वाटून घ्यावा. सिलिकोसिस, म्हणजे सिलिकेच्या धुळीनं होणारा फुप्फुसांचा रोग, बरा होत नाही, काम सोडल्यावरही वाढू शकतो आणि त्यासोबत क्षयाचा धोका वाढतो. तो दिसायला बहुतेकदा दहा-वीस वर्षं लागतात, तोवर कॉन्ट्रॅक्टर बदललेला असतो. हा कळवणं बंधनकारक असलेला व्यवसायजन्य रोग आहे, हेही कारखान्याच्या डॉक्टरनं लक्षात ठेवावं.

कामगार म्हणतात, “घुसमटतंय वो सायेब, ह्यात काम हुतंय व्हय?” ती तक्रार बऱ्याचदा खरी असते. एप्रिल-मेमध्ये भट्टीसमोर झडपेशिवायचा मास्क घालून बघा. झडपेचा मास्क, मोठ्या पृष्ठभागाचा फिल्टर, पाळीत ठरवून दिलेली विश्रांती यांनी फरक पडतो. मास्क देण्याआधी दमा आणि हृदयविकार विचारा, फुप्फुसांची फुंकर-तपासणी करून घ्या. ज्याला मास्क झेपत नाही त्याला तिथून हलवा, पगार न कापता.

आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक मास्कवर माणसाचं नाव, फिट टेस्टची तारीख आणि पास झालेलं माप. धुण्यासाठी बेसिन आणि पाळीतली दहा मिनिटं. स्टोअरमध्ये सुटे पडदे आणि पट्टे. आणि पुढची ऑर्डर काढण्याआधी पुरवठादाराला सांगा की तिन्ही मापं आणि टेस्ट किट घेऊन फेटलिंग शॉपमध्ये यावं, आमच्या माणसांच्या चेहऱ्यावर दाखवावं. जो यायला तयार नसेल त्याचं कोटेशन बाजूला ठेवा.

कळावे,
आपले,
औद्योगिक आरोग्य आणि श्वसनसुरक्षेच्या कामातले काही जण